चैनीची शब्दसंपदा : मुंबईचे उंची भोजन, कलादालने आणि खरेदी यांच्या मराठी परिभाषेविषयी काही विचार

१

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह मुंबईस गेला होता. सत्राच्या समारोपानंतर एका सुहृदाच्या आग्रहावरून समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात रात्रीच्या भोजनाचा योग आला. टेबलावर खाद्यपदार्थांची यादी आली. ती इंग्रजी लिपीत होती. तीतील निम्मी नावे फ्रेंच व इटालियन होती, आणि त्यांचा उच्चार कसा करावा हे विद्यार्थ्यांना तर नाहीच, पण भाषाशास्त्राची पदवी बाळगणाऱ्या त्यांच्या अध्यापकालाही सांगता येईना. अखेर अध्यापकाने शेजारच्या टेबलावरील थाळीकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेतली. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला एक विद्यार्थी मात्र 'मले भूक नाही, सर' असे म्हणून पाण्याचा पेला पुढे ओढून बसला. बाहेर पडल्यावर त्याच विद्यार्थ्याने रस्त्यावरच्या गाडीवर उभ्याउभ्या दोन वडापाव खाल्ले, आणि परतीच्या वाटेवर तो म्हणाला, 'सर, आपल्या भाषेत ह्याले शब्दच नाही.'

हे विधान वरवर साधे असले तरी त्यात तीन निराळी विधाने गुंतलेली आहेत. पहिले, उंची भोजन, कलेचा आस्वाद आणि हौशीची खरेदी या अनुभवांना मराठीत शब्द नाहीत. दुसरे, जे शब्द आज वापरले जातात ते परके आहेत. तिसरे, जे शब्द परके आहेत त्यांवर आपला अधिकार नाही, म्हणून त्या अनुभवावरही नाही. पहिली दोन विधाने भाषाशास्त्राच्या कक्षेत येतात आणि त्यांची शहानिशा करता येते. तिसरे विधान सामाजिक आहे. परंतु ते पहिल्या दोहोंवर उभे असल्यामुळे पाया तपासल्यावर त्याचेही काय उरते हे पाहता येईल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

२

प्रथम खुद्द 'चैन' हा शब्द पाहू. हिंदीत 'चैन' म्हणजे स्वस्थता, मनाची शांती. ज्याला चैन पडत नाही तो बेचैन. मराठीनेही 'चैन पडणे' आणि 'बेचैन' हे प्रयोग ठेवले आहेत, पण त्याखेरीज तिने या शब्दाला एक स्वतंत्र अर्थ दिला आहे : 'चैन करणे' म्हणजे गरजेपलीकडचा सुखोपभोग घेणे. 'चैनीच्या वस्तू' हा अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांतील प्रयोग याच अर्थविस्तारातून आला. म्हणजे ज्या भाषेत चैनीला शब्द नाही असे म्हटले जाते, तिने स्वस्थतेच्या शब्दातूनच चैनीचा शब्द घडविला आहे.

याच्या अवतीभवती एक मोठे शब्दकुल उभे आहे. 'विलास' व 'उपभोग' हे संस्कृत शब्द होत. 'ऐषआराम' यातील 'ऐष' मूळ अरबी, तेथे त्याचा अर्थ केवळ 'जगणे', 'आराम' फारसी. 'शौक' अरबी; जुन्या मराठी छपाईत तो 'षोक' असा लिहिलेला आढळतो, कारण दुःखवाचक 'शोका'शी त्याची गल्लत होऊ नये. 'मिजास' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'प्रकृती, स्वभाव' असा असून मराठीत आल्यावर त्याला ताठ्याची छटा चढली. या पाहुण्यांच्या शेजारी 'उंची' हे विशेषण पाहावे. उंची वस्त्र, उंची अत्तर, उंची फर्निचर, यांत उंच या साध्या देशी शब्दाने प्रतीचा आणि किमतीचा अर्थ धारण केला आहे.

'चंगळ' या शब्दाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. आंब्याच्या दिवसांत मुलांची चंगळ होते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात निंदा नसते. असते ती विपुलतेची खुषी. गेल्या काही दशकांत मात्र या शब्दाला 'वाद' हा प्रत्यय जोडून 'चंगळवाद' असा शब्द रूढ झाला आणि वस्तूंच्या अनिर्बंध हव्यासाला उद्देशून तो निंदाव्यंजक अर्थाने वापरला जाऊ लागला. एकाच धातूचे हे दोन नाणेप्रकार मराठी समाजाचे चैनीविषयीचे दुहेरी मन उघड करतात. चैन क्वचित घडली तर आनंदाची आणि नित्याची झाली तर संशयाची, असा हा निवाडा शब्दाच्या रचनेतच नोंदला गेला आहे. तेव्हा मराठीत या अनुभवाला शब्द नाहीत असे नसून, त्याविषयीचा निर्णय आधीच घेतलेले शब्द पुष्कळ आहेत, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

३

हा प्रश्न आजचाही नाही. शिवराज्याभिषेकाच्या काळात सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' आपणा सर्वांना परिचित आहे. दरबारी व्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा उद्देश होता. त्याच्या दहा वर्गांपैकी राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग यांची चर्चा वारंवार होते. परंतु त्यात 'भोग्यवर्ग' आणि 'पण्यवर्ग' असेही दोन वर्ग आहेत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. भोग्य म्हणजे उपभोगाच्या वस्तू व पण्य म्हणजे विक्रीच्या वस्तू. आजच्या भाषेत सांगावयाचे तर भोजन-विलास आणि खरेदी. सतराव्या शतकातील कोशकारालाही राज्यकारभाराच्या शब्दांइतकीच चैनीच्या शब्दांची निकड वाटली, याचे कारण उघड आहे. सत्तेची भाषा जशी दरबारातून खाली उतरते तशीच सुखाचीही उतरते. ज्याच्या पंक्तीचा थाट पाहावयाचा त्याचेच शब्द तोंडी येतात.

कोशाचे फलित काय झाले? राज्यकारभारातील काही संस्कृत संज्ञा रुजल्या, काही पुस्तकात राहिल्या. बाजारपेठेत मात्र फारसी-अरबी शब्दांचा पाडाव झाला नाही. 'बाजार', 'खरेदी' हे फारसी आणि 'दुकान', 'किंमत', 'दलाल' हे अरबी शब्द आज मराठीतून काढून टाकले तर यवतमाळच्या भाजी बाजारातील साधा व्यवहारही होणार नाही. लग्नाच्या पंक्तीतील जिलबी, हलवा, बर्फी, पुलाव यांची कुळे शोधू गेल्यास ती फारसी व अरबीकडे जातात. यांपैकी एकही शब्द उच्चारताना कोणा मराठी माणसाला आपण परक्याच्या घरात आहोत असे वाटत नाही.

यावरून एक सामान्य नियम मांडता येईल. चैनीचे शब्द कोणत्याही काळी बहुधा बाहेरून येतात, कारण चैनीची वस्तूच बाहेरून येते. त्या वस्तूचे नवेपण ओसरले की शब्दाचे परकेपणही ओसरते. शब्द परका आहे ही त्याच्या जन्माची नव्हे, वयाची खूण असते.

४

आता मुंबईच्या भोजनाकडे वळू. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याच सुमारास शहरात इराणी उपाहारगृहे उभी राहत होती. कयानी (१९०४) व ब्रिटानिया (१९२३) ही त्यांपैकी आजही परिचित असलेली नावे. 'हॉटेल' हा शब्द मूळ फ्रेंच, इंग्रजीतून आपल्याकडे आला. इंग्रजीत त्याचा प्रधान अर्थ प्रवाशाने मुक्काम करण्याची जागा असा आहे. मराठीने मुक्कामाचा अर्थ गौण केला आणि खाण्यापिण्याचा अर्थ मुख्य केला. एस. टी. स्थानकासमोर चार बाकडी टाकून जेथे चहा-भजी मिळतात तेही मराठीत 'हॉटेल'च. शब्दाचा अर्थ असा स्थानिक गरजेप्रमाणे वळविणे ही गोष्ट उधारीची नव्हे. ती मालकीची होय.

परिणामी मूळ अर्थाच्या मोठ्या हॉटेलांसाठी निराळी संज्ञा लागली. तेव्हा वृत्तपत्रांतून 'पंचतारांकित' हा शब्द आला. तो इंग्रजीचा शब्दशः अनुवाद असला तरी मराठीत चांगला रुजला, इतका की त्याला लक्षणेचे पंख फुटले. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील 'पंचतारांकित औद्योगिक वसाहती'त जाऊन कोणी भोजनाची अपेक्षा करीत नाही. याउलट 'उपाहारगृह' हा शुद्ध संस्कृत शब्द पाट्यांवर चिरस्थायी झाला. दादरच्या मामा काणे यांच्या पाटीवर तो अनेक पिढ्यांनी वाचला, पण 'चला, उपाहारगृहात जाऊ' असे घरात कोणी म्हणत नाही. एक शब्द लिहिण्याचा, दुसरा बोलण्याचा, अशी ही वाटणी झाली.

शब्द किती रुजला हे ठरविण्यास व्युत्पत्तीपेक्षा व्याकरण अधिक उपयोगी पडते. येथे एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. मराठी नामाला 'आत' या अर्थाचा सप्तमीचा प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते : बाजारात, दुकानात, घरात. 'हॉटेल' हा शब्द या रांगेत निःशंक बसतो : हॉटेलात. परंतु 'रेस्टॉरंट', 'मॉल', 'बुटीक' या शब्दांपुढे बहुतेक भाषक सामान्यरूप न करता 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय जोडतात : रेस्टॉरंटमध्ये, मॉलमध्ये. म्हणजे भाषक शब्दाला हात लावायला कचरतो; पाहुण्याच्या अंगावरची शाल जशीच्या तशी ठेवून त्याला बसायला देतो. या कसोटीला एक मर्यादा आहे, तीही नोंदविली पाहिजे. 'बेकरी', 'गॅलरी', 'कॅफे' असे स्वरान्त शब्द नवे असले तरी त्यांना 'त' सहज लागतो, कारण तेथे सामान्यरूपाची अडचणच नसते. म्हणून ही कसोटी व्यंजनान्त नामांपुरतीच विश्वसनीय समजावी. लिंगव्यवस्थाही अशीच बोलकी आहे. 'प्लेट' स्त्रीलिंगी झाली ती बशीच्या सोबतीने. 'हॉटेल' नपुंसकलिंगी झाले, घराच्या सोबतीने म्हणावे काय, हा विद्यार्थ्यांनी विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आणि आता त्या दोन वडापावांकडे पाहू. आपल्या विद्यार्थ्याने फ्रेंच-इटालियन नावांपासून पळ काढून ज्या आपल्या अन्नाचा आश्रय घेतला, त्या बटाट्याच्या वड्यापैकी 'बटाटा' पोर्तुगीज आणि 'पाव'ही पोर्तुगीज. 'वडा' तेवढा संस्कृत 'वटका'पासून आलेला. इराण्याच्या हॉटेलातील 'खिमा पाव' हा तर याहून मौजेचा : खिमा तुर्की, फारसीच्या वाटेने आलेला आणि पाव पोर्तुगीज. 'मस्का पाव' यात फारसी लोणी पोर्तुगीज भाकरीवर पसरले आहे. ज्या अन्नाला आपण साधे म्हणतो त्याची नावे तीन समुद्र ओलांडून आलेली आहेत. ती साधी झाली ती केवळ रोजच्या तोंडाने.

५

कलेच्या क्षेत्रात शब्दांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली स्थापन झाली. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय १९२२ मध्ये जनतेस खुले झाले, आणि जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये. 'कला', 'चित्र', 'शिल्प', 'प्रदर्शन' हे शब्द संस्कृत असल्यामुळे येथे परिभाषेची वाण पडली नाही. अडचण आली ती जागेच्या नावांची. नागपूरच्या १८६३ साली स्थापन झालेल्या संग्रहालयाला लोकांनी 'अजबबंगला' म्हटले. 'वस्तुसंग्रहालय' हा शब्द आत काय ठेवले आहे ते सांगतो. 'अजबबंगला' हा पाहणाऱ्याला काय वाटले ते सांगतो. लोकभाषा वस्तूपेक्षा अनुभवावरून नाव ठेवते, याचे हे चांगले उदाहरण होय.

'गॅलरी' या शब्दाचे तसेच झाले. मराठी घरात गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालण्याची, संध्याकाळी उभे राहण्याची जागा. चित्रांची गॅलरी पाहायला जातो असे सांगितल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांना वेगळेच चित्र दिसावे यात नवल नाही. ही संदिग्धता टाळण्यासाठी 'कलादालन' हा शब्द योजला गेला आणि तो सुंदर आहे. भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनाही तो निर्मळ वाटतो. परंतु त्यातील 'दालन' हा शब्द फारसी आहे. इंग्रजी पाहुण्याला हटविण्यासाठी आपण ज्याला पुढे केले तो त्याच्याहून आधी आलेला पाहुणाच निघाला. यात हसण्यासारखे काही नाही. जुना पाहुणा घरचा होतो एवढेच यातून सिद्ध होते. त्याच कलादालनात १९६४ पासून २०१५ पर्यंत चाललेल्या उपाहारगृहाचे नाव 'समोवर' होते. चहाच्या पात्राचा हा रशियन शब्द मुंबईच्या चित्रकारांच्या तोंडी अर्धशतक राहिला.

स्थलनामांचेही असेच होते. कलादालनांचा तो परिसर 'काळा घोडा' या नावाने ओळखला जातो. ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून हे नाव पडले तो इंग्लंडच्या तत्कालीन युवराजाचा पुतळा १९६५ मध्ये तेथून हलविण्यात आला व पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवण्यात आला. लोकांनी राजपुत्राचे नाव कधीच घेतले नव्हते, त्यांनी घोडा तेवढा पाहिला. घोडा गेल्यावरही नाव राहिले, आणि २०१७ साली त्या नावासाठी तेथे स्वाराविना नवा काळा घोडा उभारला गेला. वस्तूवरून नाव पडते हे आपण जाणतो. येथे नावावरून वस्तू परत आली.

परंतु या विभागातील सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे 'लिलाव'. १९ डिसेंबर २०१३ रोजी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीज या संस्थेने भारतातील आपला पहिला लिलाव केला. त्यात वासुदेव गायतोंडे यांचे एक अनाम चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांस गेले. गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, शिक्षण मुंबईच्या कलाशाळेतील. उंची हॉटेल, आधुनिक चित्र आणि कोट्यवधींची खरेदी, या तिन्ही गोष्टी त्या संध्याकाळी एका छताखाली आल्या. दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तांतास शब्द लागला तो मात्र जुनाच, 'लिलाव'. हा पोर्तुगीज 'लेलांव'चा मराठी अवतार होय.

हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात गाड्या उभ्या राहतात, व्यापारी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे जातात आणि लिलाव पुकारला जातो. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरविण्याच्या गुप्त सौद्याऐवजी उघड पुकारा व्हावा, म्हणजे शेतकऱ्याच्या कानांवर भाव पडावा, हा नियंत्रित बाजाराचा एक प्रमुख लाभ ठरला. तेव्हा 'लिलाव' म्हणजे काय, 'बोली' चढते म्हणजे काय, हे वऱ्हाडातील कापूस उत्पादकाला मुंबईच्या चित्रसंग्राहकाइतकेच ठाऊक आहे. फरक एवढाच की एक जण बोली लावतो आणि दुसऱ्याच्या मालावर ती लागते. 'बोली' या शब्दाला मराठीत 'पुकारलेली किंमत' आणि 'प्रादेशिक भाषा' असे दोन्ही अर्थ आहेत, हे आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

६

खरेदीच्या शब्दांत मराठीने केलेले सूक्ष्म भेद पाहण्यासारखे आहेत. 'बाजार करणे' म्हणजे आठवड्याचा जिन्नस आणणे. 'विकत घेणे' हा तटस्थ प्रयोग. 'खरेदी' म्हटले की प्रसंग आला : लग्नाची खरेदी, दिवाळीची खरेदी. आणि गेल्या दोन-तीन दशकांत रूढ झालेले 'शॉपिंग' म्हणजे प्रसंगाशिवायची, वेळ घालविण्यासाठी केलेली खरेदी, ज्यात काही विकत न घेताही परतता येते. 'शॉपिंग'ने 'खरेदी'ला हुसकावून लावले अशी तक्रार ऐकू येते, ती वस्तुस्थितीला धरून नाही. 'लग्नाची शॉपिंग' असे आज काही जण म्हणू लागले असले, तरी बियाण्यांची शॉपिंग कोणी करीत नाही. नवा शब्द नव्या वर्तनासाठी आला आहे. शिवाय तो क्रियापद म्हणून आलेला नाही. 'करणे' या मराठी धातूच्या आधाराने, नामाच्या रूपाने आला आहे. मराठी नामे उदारपणे उसनी घेते, पण क्रियेचा कासरा बहुधा आपल्याच हाती ठेवते.

जागांच्या नावांतही थर दिसतात. 'पेठ' हा शब्द कन्नडशी नाते सांगतो, 'बाजार' फारसी, 'मार्केट' इंग्रजी. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉफर्ड मार्केटला पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई असे सार्थ नाव दिले गेले. तरी व्यवहारात जुने नाव मागे हटले नाही. सर्वांत वरचा थर 'मॉल'चा. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ साली स्थापन झाली होती. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईच्या कापड धंद्याची घडी जी विस्कटली ती पुन्हा बसली नाही, आणि फिनिक्सच्या आवारात कालांतराने मोठे खरेदीसंकुल उभे राहिले. लोक आजही 'फिनिक्सला जाऊन येतो' म्हणतात. वाक्य तेच, जाण्याचे कारण तेवढे बदलले.

या ठिकाणी यवतमाळचा संबंध पुन्हा येतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मापाची, 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली गेलेली आणि आता बंद पडलेली रेल्वे किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली ती प्रामुख्याने कापसासाठी. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत चढत आणि मुंबईच्या दिशेने जात. त्या बंदराचे आणि त्या गिरण्यांचे वैभव ज्या कापसावर उभे राहिले त्यात आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाचा वाटा होता. मुंबईच्या चैनीचे शब्द जर शहराच्या समृद्धीतून जन्मले असतील, तर त्या समृद्धीला ज्यांनी कापूस पुरविला त्यांना ते शब्द परके म्हणण्याचे कारण नाही.

७

आता उच्चाराचा प्रश्न राहिला, आणि आपल्या विद्यार्थ्याला जेवू न देणारा प्रश्न खरोखर हाच होता. वऱ्हाडी बोलणारा माणूस 'हाटेल', 'कालेज', 'डाक्टर' म्हणतो. शहरात या उच्चाराला हसतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता 'ऑ' हा स्वर मराठीच्या मूळ स्वरव्यवस्थेतला नाही. तो इंग्रजी शब्दांबरोबर आला. 'हॉटेल' म्हणणारा शब्दाबरोबर त्याचा स्वरही उसना घेतो. 'हाटेल' म्हणणारा शब्द घेतो आणि त्याला मराठीच्या स्वरांत बसवितो. नेमके हेच पूर्वजांनी केले, तेव्हा 'लेलांव'चा लिलाव झाला आणि 'अफोंसो'चा हापूस. आज डझनाला भारी किंमत मोजून हापूस घेणारा मुंबईकर आपण पोर्तुगीज नावाचा अशुद्ध उच्चार करीत आहोत म्हणून लाजत नाही. 'हाटेल' चुकीचे आणि 'हापूस' बरोबर, यामागे ध्वनिनियम नाही. फक्त कोण बोलतो याचा हिशेब आहे.

येथे लेख संपविता आला असता. परंतु वरील विवेचन वर्गात मांडले असता कोलाम समाजातील एका विद्यार्थ्याने जे विचारले ते येथे नोंदविल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. तो म्हणाला, 'सर, तुम्हाला त्या हॉटेलात जसं वाटलं, तसं माझ्या आजीला पांढरकवड्याच्या बाजारात वाटतं. तिथली भाषा मराठी आहे.'

या वाक्याला तत्काळ उत्तर सुचले नाही. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. मरे एमेनो यांनी तिच्या वर्धेकडील रूपाचे व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केले, आणि तिने मराठीतून मोठ्या प्रमाणावर शब्द घेतले आहेत हे अभ्यासकांना ठाऊक आहे. तिच्या भाषकांच्या दृष्टीने बाजार, दुकान, किंमत हे शब्द मराठीचे. त्यांचे फारसी-अरबी कुळ त्यांना दिसण्याचे कारण नाही. म्हणजे मुंबईच्या हॉटेलात जी इंग्रजी आहे, ती केळापूर-झरीच्या आठवडी बाजारात मराठी आहे. आपण ज्या पायरीवर खाली उभे असल्याचे दुःख सांगतो, त्याच जिन्यावर कोणासाठी तरी आपण वरच्या पायरीवर उभे असतो.

यावरून अभ्यासाची दिशा सूचित होते. मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाविषयी आपण भरपूर लिहिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आठवडी बाजारांत कोलामी, गोंडी व गोरमाटी भाषक मराठी शब्द कसे घेतात, त्यांना कोणते प्रत्यय लावतात, कोणता शब्द उच्चारताना अडखळतात आणि त्यांच्या कोणत्या उच्चाराला मराठी दुकानदार हसतो, याची नोंद करण्याचे काम आपल्या विभागाच्या दारातच पडून आहे. सप्तमीची जी कसोटी वर सुचविली तिच्यासारख्या कसोट्या त्या भाषांच्या व्याकरणातून शोधाव्या लागतील. कोलाम समाजातील तो विद्यार्थी हे काम करण्यास सर्वांत योग्य आहे, असे लेखकास वाटते, आणि त्याने ते करण्याचे मान्य केले आहे.

पहिल्या विद्यार्थ्याविषयी एवढेच सांगावयाचे की, पुढच्या वर्षीच्या अभ्याससहलीत तो पुन्हा मुंबईस आला होता. या खेपेस त्याने पदार्थांची यादी वाढप्यापुढे धरली आणि अस्खलित वऱ्हाडीत विचारले, 'भाऊ, ह्याच्यात काय काय हाय ते सांगा बरं.' वाढपी रत्नागिरीकडचा निघाला. त्याने सर्व काही मराठीत समजावून सांगितले, आणि सर्वांचे जेवण नीट झाले.